आधी परवानगी, मग पत्र

जाहिरातीचे ईमेल पाठवणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा शब्दांविषयीचा असतो. विषयाच्या ओळीत ‘मोफत’ लिहिले तर चालेल का? उद्गारचिन्हे किती द्यावीत? सवलतीचा आकडा वर लिहावा की खाली, म्हणजे ईमेल स्पॅममध्ये न जाता इनबॉक्समध्ये पडेल? या प्रश्नांमागे एक समजूत आहे. पलीकडचे यंत्र शब्द तपासते आणि त्याला न खटकणारे शब्द सापडले की काम झाले, अशी ती समजूत. वीस-बावीस वर्षांपूर्वी ती बऱ्याच अंशी खरी होती, आज राहिलेली नाही. ईमेल कुठे पडणार हे आता मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: तो खरोखर कोणी पाठवला आहे, ज्याला पाठवला त्याने तो मागितला होता का, आणि त्याच पाठवणाऱ्याच्या आधीच्या ईमेलचे लोकांनी काय केले. लेखनाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही, फक्त त्याचे काम बदलते. इनबॉक्सची वाट परवानगीने उघडते, आणि ती उघडी ठेवण्याची जबाबदारी लेखनावर येते. ही गोष्ट मान्य केली की ईमेल लिहिण्याआधी काय करायचे, लिहिताना काय सांभाळायचे आणि पाठवल्यावर काय मोजायचे, या सगळ्याची उत्तरे बदलतात.

फुकट पाठवता येते, म्हणून अडवावे लागते

३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीच्या विपणन विभागातील गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकच संदेश पाठवला. कंपनीच्या नव्या संगणकांची प्रात्यक्षिके कॅलिफोर्नियात होणार होती, त्याचे ते आमंत्रण होते. अर्पानेट हे अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारे संशोधकांचे जाळे. तिथे व्यापारी जाहिरात करणे नियमात बसत नव्हते. तक्रारी झाल्या, अधिकाऱ्यांनी कंपनीला समज दिली. तरीही थर्क यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार त्या संदेशामुळे कंपनीची एक कोटी डॉलरहून अधिक विक्री झाली. न मागता पाठवलेला संदेश लोकांना चीड आणतो आणि तरीही काहींना माल विकून जातो, हे दोन्ही त्या पहिल्याच प्रसंगात दिसले. पुढच्या साऱ्या इतिहासाचे मूळ याच पेचात आहे.

चार वर्षांनी, १९८२ मध्ये, जॉन पोस्टेल यांनी ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे नेण्याचे नियम लिहून काढले. एसएमटीपी या नावाने ओळखले जाणारे हे नियम आजही ईमेलचा पाया आहेत. त्या काळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या आणि एकमेकांवर विश्वास होता. त्यामुळे पाठवणारा स्वतःचे जे नाव सांगेल ते खरे मानायचे, अशीच ती रचना राहिली. कोणीही कोणाच्याही नावाने ईमेल पाठवू शकत होता, आणि एक पाठवायला जेवढा खर्च येई जवळपास तेवढ्यातच एक लाख पाठवता येत. छापील पत्रकाला कागद लागतो, छपाई लागते, टपालखर्च लागतो. ईमेलमध्ये तो खर्च पाठवणाऱ्याकडून सुटतो आणि घेणाऱ्याच्या वेळेवर व त्याच्या सेवेच्या सर्व्हरवर पडतो.

खर्च असा दुसऱ्यावर पडला की काय होते, याचा सर्वात बोलका पुरावा २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले आणि सॅन डिएगो शाखांतील संशोधकांनी दिला. ‘स्टॉर्म’ नावाच्या बॉटनेटच्या, म्हणजे मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्याच्या, एका भागात शिरून त्यांनी औषधांच्या एका स्पॅम मोहिमेचा माग काढला. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी ईमेल गेले, आणि खरेदीच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचलेली माणसे निघाली २८. म्हणजे सव्वा कोटी ईमेलमागे एक ग्राहक. कोणताही दुकानदार या प्रमाणावर दुकान चालवणार नाही. पण पाठवणे जवळपास फुकट असेल तर हेही परवडते. उरलेल्या कोट्यवधी लोकांच्या त्रासाची किंमत या हिशेबात कुठेच येत नाही. ती किंमत हिशेबात आणणारा कोणीतरी मध्ये असावा लागतो, आणि ते काम ईमेल सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांकडे आले. इनबॉक्समध्ये जागा मिळवणे अवघड का झाले याचे उत्तर इथे आहे. प्रामाणिक विक्रेत्याला अडवण्यासाठी ही यंत्रणा उभी राहिली नाही, पण तो प्रामाणिक आहे हे तिला कळण्याचा मार्ग त्यालाच तयार करावा लागतो.

शब्द मोजणारी यंत्रे आणि माणसे पाहणारी यंत्रे

सुरुवातीचा उपाय पत्ता ओळखण्याचा होता. १९९७ च्या सुमारास पॉल विक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरांची काळी यादी चालवायला सुरुवात केली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये स्पॅमहाउस ही संस्था उभी केली, आणि तिच्या याद्या आजही जगभरातले सर्व्हर पाहतात. दुसरा उपाय मजकूर तपासण्याचा. २००१ मध्ये आलेले स्पॅमअसॅसिन हे मुक्त सॉफ्टवेअर प्रत्येक ईमेलला गुण देत असे. विषयाची ओळ सगळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत असेल तर काही गुण, ठरावीक जाहिरातबाज शब्दप्रयोग असतील तर आणखी काही. बेरीज ५ वर गेली की तो स्पॅम. ‘हे शब्द टाळा’ अशा ज्या याद्या आजही हातोहाती फिरतात, त्यांचा जन्म या काळातला आहे.

ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी ‘अ प्लॅन फॉर स्पॅम’ हा निबंध लिहिला आणि विचाराची दिशा बदलली. नियम माणसाने लिहून देण्याऐवजी यंत्राने ते स्वतः शिकावेत, असे त्यांचे म्हणणे होते. एखाद्याला आलेले स्पॅम आणि त्याला हवे असलेले ईमेल असे दोन गठ्ठे यंत्राला द्यायचे, कोणता शब्द कोणत्या गठ्ठ्यात किती वेळा येतो यावरून संभाव्यता काढायची आणि नव्या ईमेलला ती लावायची. औषधांच्या दुकानदाराला औषधांची नावे संशयास्पद वाटत नाहीत, बँकेत काम करणाऱ्याला कर्ज हा शब्द खटकत नाही. म्हणून प्रत्येकाचा फिल्टर वेगळा असायला हवा, हे त्या विचाराचे मर्म. स्पॅम पाठवणाऱ्यांनी त्यावरही तोडी काढल्या. शब्दांचे स्पेलिंग मोडून लिहिले, कादंबऱ्यांतले उतारे तळाशी चिकटवले, सगळा मजकूर चित्रातच घातला. जानेवारी २००४ मध्ये बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल असे दावोसमध्ये सांगितले होते. तो सुटला नाही, कारण शब्द बदलणे सोपे असते.

सहज बदलता न येणारी गोष्ट म्हणजे माणसांची वागणूक. एप्रिल २००४ मध्ये सुरू झालेल्या जीमेलसारख्या मोठ्या सेवांकडे एक गोष्ट आपोआप जमू लागली: कोट्यवधी लोक रोज कोणता ईमेल उघडतात, कोणत्याला उत्तर देतात, कोणता न वाचता पुसतात, कोणता स्पॅममधून बाहेर काढतात आणि कोणत्यावर ‘स्पॅम म्हणून कळवा’ हे बटण दाबतात. एखाद्या डोमेनवरून आलेल्या ईमेलवर लोक वारंवार ते बटण दाबत असतील, तर त्या डोमेनचा पुढचा ईमेल कितीही सभ्य भाषेत असला तरी त्याची वाट अरुंद होते. लोक उघडून वाचत असतील, तर त्यात ‘मोफत’ हा शब्द असला म्हणून बिघडत नाही. फिल्टर आजही मजकूर पाहतात, विशेषतः धोकादायक दुवे आणि फसवणुकीच्या खुणा. पण ओळखीच्या, नाव कमावलेल्या पाठवणाऱ्याच्या बाबतीत एखादा शब्द निर्णय फिरवत नाही. निषिद्ध शब्दांची यादी पाठ करण्यात घालवलेला वेळ म्हणून वाया जातो.

आधी ओळख पटवा

नाव कमावायचे तर आधी नाव आपलेच आहे हे सिद्ध व्हावे लागते. पोस्टेल यांच्या रचनेतली उणीव भरून काढणाऱ्या तीन पद्धती गेल्या वीस वर्षांत आल्या. त्या समजण्यासाठी टपालाचे उदाहरण उपयोगी आहे. पत्राच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि आतल्या कागदावर सही असते, आणि दोन्ही नावे एकच असतील असे बंधन नसते. ईमेललाही असेच पाकीट असते, ते सर्व्हर पाहतात. आणि आतला ‘प्रेषक’ असतो, तो वाचणाऱ्याला दिसतो. एसपीएफ ही पद्धत पाकीट तपासते. आपल्या डोमेनच्या नावाने कोणकोणत्या सर्व्हरांनी ईमेल पाठवावेत याची यादी डोमेनचा मालक डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनांच्या सार्वजनिक नोंदवहीत, जाहीर करतो, आणि घेणारा सर्व्हर ती ताडून पाहतो. डीकेआयएम ही याहू आणि सिस्को यांच्या दोन वेगळ्या प्रयत्नांतून एकत्र आलेली पद्धत. ती ईमेलवर गुप्त किल्लीने डिजिटल सही करते, जिची जाहीर किल्ली पुन्हा डीएनएसमध्येच असते. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. २०१२ मध्ये जाहीर झालेली डीमार्क ही पद्धत या दोन्हींना वाचणाऱ्याला दिसणाऱ्या नावाशी बांधते. दिसणारे डोमेन आणि तपासलेले डोमेन जुळत नसेल तर ईमेलचे काय करायचे, नुसती नोंद घ्यायची, स्पॅममध्ये टाकायचा की परत पाठवायचा, हे डोमेनचा मालक आधीच सांगून ठेवतो.

लहान व्यावसायिकाला ही सगळी तांत्रिक कटकट वाटते, पण तिचा फटका त्यालाच आधी बसतो. अनेक जण स्वतःचे डोमेन न घेता याहू किंवा जीमेलचाच पत्ता प्रेषक म्हणून लावतात आणि एखाद्या घाऊक ईमेल सेवेतून शेकडो ईमेल पाठवतात. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचे सर्वात कडक धोरण लावले, तेव्हा अशा पद्धतीने पाठवलेले ईमेल जगभर परत येऊ लागले. स्वतःचे डोमेन घ्यायला वर्षाला जो खर्च येतो तो एखाद्या जाहिरात फलकापेक्षा कितीतरी कमी असतो, आणि त्यावर जमलेली पत आपल्याकडे राहते, भाड्याच्या पत्त्यावर राहत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: या नोंदी स्पॅम पाठवणाराही करू शकतो, आणि करतोही. मग त्यांचा उपयोग काय? ओळख पटली म्हणजे माणूस सज्जन ठरला असे नाही, हे खरेच. ओळख पटल्याने एवढेच होते की चांगल्या-वाईट वागणुकीचा हिशेब योग्य नावावर लिहिला जातो. ओळखीशिवाय सज्जनाची पत दुसरा वापरू शकतो आणि दुर्जनाची बदनामी सज्जनाच्या माथी येऊ शकते. पुढचा सगळा न्याय या हिशेबावर चालतो.

एक हजारात तीन

हा हिशेब किती कडक आहे हे ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगल आणि याहू यांनी एकत्रच जाहीर केले. फेब्रुवारी २०२४ पासून ते नियम लागू होऊ लागले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही सक्तीचे झाले. जाहिरातीच्या ईमेलमधून एका टिचकीत नाव काढून घेता आले पाहिजे आणि ती विनंती दोन दिवसांत अमलात आली पाहिजे, असे ठरले. स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवावे आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही जाऊ देऊ नये, असेही सांगण्यात आले. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकच्या ग्राहक पत्त्यांसाठी ओळखीच्या तिन्ही नोंदी मोठ्या पाठवणाऱ्यांना बंधनकारक केल्या.

या आकड्यांचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. १०,००० ईमेल इनबॉक्समध्ये पोहोचले आणि त्यांतल्या ३० जणांनी तक्रारीचे बटण दाबले, की धोक्याची रेषा गाठली. उरलेले ९,९७० जण गप्प बसले, काहींनी खरेदीही केली, तरी ते ३० जण निर्णायक ठरतात. शिवाय गूगल हे प्रमाण इनबॉक्समध्ये पोहोचलेल्या ईमेलवर काढते. जो ईमेल आधीच स्पॅममध्ये गेला त्यावर कोणी तक्रार करत नाही. म्हणून तक्रारींचा आकडा अचानक शून्याजवळ आला तर आनंद मानण्याआधी आपले ईमेल पोहोचतच नाहीत ना, हे तपासावे लागते.

विकतची यादी का बुडवते, हे या गणितातून स्पष्ट होते. ‘महाराष्ट्रातील एक लाख उद्योजकांचे ईमेल पत्ते’ अशा फाइली सर्रास विकल्या जातात. अशा यादीतले लोक पाठवणाऱ्याला ओळखत नाहीत, म्हणून तक्रारीचे बटण पटकन दाबतात. कित्येक पत्ते बंद पडलेले असतात, त्यामुळे ईमेल मोठ्या प्रमाणावर परत येतात आणि यादी जुनी-उसनी असल्याचे सर्व्हरला कळते. काही पत्ते तर सापळेच असतात: कोणत्याही माणसाने कधी न वापरलेले, फक्त बिनपरवानगीच्या याद्या ओळखण्यासाठी काळ्या याद्या चालवणाऱ्यांनी ठेवलेले. तिथे एक ईमेल गेला तरी यादी परवानगीने जमवलेली नाही हे उघड होते.

यावर नव्या व्यावसायिकाचे म्हणणे सहानुभूतीने ऐकायला हवे. ज्याच्याकडे ग्राहकच नाहीत त्याने परवानगी कोणाकडून घ्यायची? मोठ्या कंपन्यांकडे आधीच याद्या आहेत. हे नियम नव्या माणसाला दाराबाहेर ठेवतात, असे तो म्हणेल. अडचण खरी आहे, पण विकतची यादी तिचे उत्तर नाही. ईमेल हे अनोळखी माणसाला गाठण्याचे साधन म्हणून कमकुवत आहे आणि ओळखीच्या माणसाला धरून ठेवण्याचे साधन म्हणून भक्कम आहे. ओळख इतरत्र होते: दुकानाच्या गल्ल्यावर, पुस्तक प्रदर्शनाच्या टेबलावर, संकेतस्थळावर, दिवाळी अंकाच्या वर्गणीच्या अर्जावर. तिथे पत्ता मागताना काय पाठवणार आणि किती वेळा पाठवणार हे सांगावे, आणि दिलेल्या पत्त्यावर खात्रीचा एक ईमेल पाठवून त्याने होकार दिल्यावरच नाव यादीत घ्यावे. अशाने यादी हळू वाढते. पण अशा रीतीने जमलेले ५०० पत्ते विकतच्या ५०,००० पत्त्यांपेक्षा अधिक मोलाचे ठरतात, आणि नव्या डोमेनला पत जमवायची तर थोड्या, खऱ्या वाचकांपासूनच सुरुवात करावी लागते.

कायदाही याच दिशेने सरकतो आहे, जरी वेगवेगळ्या गतीने. अमेरिकेचा जानेवारी २००४ पासून लागू असलेला कॅन-स्पॅम कायदा आधी परवानगी मागत नाही. तो खोटा प्रेषक आणि दिशाभूल करणारी विषयाची ओळ यांना मनाई करतो, टपालाचा खरा पत्ता मागतो आणि नाव काढण्याची विनंती १० कामाच्या दिवसांत पाळायला लावतो. कॅनडाचा २०१४ चा कायदा आणि युरोपातले नियम परवानगीला प्रथम स्थान देतात. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे तत्त्व असे की संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. पुण्यातला प्रकाशक लंडन किंवा टोरांटोमधल्या मराठी वाचकांना ईमेल पाठवतो तेव्हा तिथल्या नियमांचाही त्याला विचार करावा लागतो. सर्वात कडक नियम पाळणे हाच सर्वात सोपा मार्ग ठरतो, कारण तो पाळला की बाकीचे बहुतेक आपोआप पाळले जातात.

आता लेखन

ओळख पटली, परवानगी मिळाली, की मगच शब्दांची पाळी येते, आणि तिथे त्यांचे काम मोठे आहे. प्रत्येक ईमेल पुढच्या ईमेलची वाट रुंद करतो किंवा अरुंद. वाचणारा आधी प्रेषकाचे नाव पाहतो. ते ज्या नावाला त्याने परवानगी दिली तेच असावे. आज दुकानाचे, उद्या मालकाचे, परवा ‘विशेष ऑफर’ असे बदलत राहिले तर ओळख तुटते. विषयाच्या ओळीने आत काय आहे ते सांगावे. ‘कोकणातल्या आमच्या घरी मे महिन्यातल्या तीन खोल्या शिल्लक’ ही ओळ ‘ही संधी चुकवू नका’ यापेक्षा बलवान आहे, कारण ज्याला खोली हवी तो उघडतो आणि ज्याला नको तो चिडत नाही. जुन्या पत्रव्यवहाराचा आभास देणारे खोटे ‘रि:’ लावणे, ‘तुमचे खाते बंद होणार’ असा धाक घालणे यांनी ईमेल एकदा उघडला जातो, आणि ज्याची फसगत झाली तो तक्रारीचे बटण दाबतो. उघडण्याचा आकडा वाढवणारी ओळ पोहोचण्याचे प्रमाण घटवू शकते.

आतल्या मजकुरात एक ईमेल, एक गोष्ट हा नियम धरावा. पहिल्याच वाक्यात कामाचे सांगावे, कारण इनबॉक्समध्ये विषयाशेजारी तेच दिसते. दुवे आपल्याच डोमेनचे असावेत. लांबी कमी करणाऱ्या फुकट सेवांचे दुवे फसवणूक करणारेही वापरतात, म्हणून त्यांच्याविषयी संशय असतो. माहितीपत्रक जोडण्याऐवजी त्याचा दुवा द्यावा. मराठीत लिहिणाऱ्यांची एक खास अडचण इथे नोंदवायला हवी. आपल्याकडे छपाईचा बराच मजकूर अजून युनिकोडपूर्व फॉन्टांत तयार होतो. तो ईमेलमध्ये चिकटवला तर वाचणाऱ्याला निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात, म्हणून सगळी जाहिरात एका चित्राच्या रूपात पाठवण्याची सवय लागली आहे. नुसत्या चित्राचा ईमेल फिल्टरला वाचता येण्याजोगे फारसे काही देत नाही, स्पॅम पाठवणाऱ्यांची ती जुनी युक्ती असल्याने संशय वाढवतो, आणि चित्रे बंद ठेवलेल्या वाचणाऱ्याला कोरा दिसतो. युनिकोड मराठीत लिहिलेला साधा मजकूर हा त्यावरचा नेमका उपाय आहे. देवनागरी लिपीमुळे ईमेल अडत नाही. एवढेच लक्षात ठेवावे की युनिकोडच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि जीमेल साधारण १०२ किलोबाइटनंतर ईमेल कापून दाखवतो. लांबलचक, सजवलेल्या ईमेलमध्ये सर्वात शेवटी असलेला नाव काढण्याचा दुवाच त्या कापणीत जातो.

आणि तो दुवा जाणे परवडणारे नाही. नाव काढण्याची सोय ठळक दिली तर यादी ओसरेल, ही भीती सार्वत्रिक आहे. पण ज्याला ईमेल नको आहे त्याच्यापुढे दोनच वाटा असतात: नाव काढणे किंवा तक्रार करणे. पहिली वाट लपवली की तो दुसरी धरतो. नाव काढणाऱ्याने यादीतला एक पत्ता कमी केला. तक्रार करणाऱ्याने उरलेल्या सगळ्यांपर्यंतची वाट अरुंद केली.

काय मोजायचे

यश मोजण्याचे जुने माप म्हणजे ईमेल किती जणांनी उघडला. ते माप ईमेलमध्ये लपवलेल्या एका सूक्ष्म चित्रावर चालते: चित्र उतरवले गेले की ईमेल उघडला असे मानायचे. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय दिली, आणि ती चालू असलेल्यांसाठी अशी चित्रे वाचण्याआधीच ॲपलच्या सर्व्हरवरून उतरवली जाऊ लागली. तेव्हापासून उघडण्याचा आकडा फुगलेला असतो. दुव्यावर गेलेले, उत्तर दिलेले, खरेदी केलेले, नाव काढलेले आणि तक्रार केलेले लोक हे अधिक खरे आकडे आहेत. २०१३ पासून जीमेलने जाहिरातींसाठी वेगळा कप्पा केला, त्याचीही अनेकांना धास्ती वाटते. तो कप्पा इनबॉक्सचाच भाग आहे. खरेदीच्या मनःस्थितीत असलेला माणूस तिथे स्वतःहून जातो, आणि जाहिरात जाहिरातीच्या जागी असणे हे गैर नाही. तिथून बाहेर पडण्यासाठी ईमेलला खासगी पत्राचे सोंग देणे म्हणजे पुन्हा फसवणुकीकडे वळणे.

सर्वात गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे. कोणाचे पत्र पोहोचावे हे मोजक्या खासगी कंपन्यांनी ठरवणे योग्य आहे का? ही काळजी काल्पनिक नाही. २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० च्या अमेरिकी निवडणुकीतील प्रचाराचे ईमेल तपासले. त्यांना जीमेलने उजव्या बाजूचे आणि आउटलुक व याहूने डाव्या बाजूचे ईमेल अधिक प्रमाणात स्पॅममध्ये टाकलेले आढळले. त्यावरून रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने गूगलवर खटला भरला. न्यायालयाने तो फेटाळला. पण शिकणारे यंत्र चुकू शकते आणि त्याची चूक लाखोंना भोवते, हा मुद्दा त्यामुळे नाहीसा होत नाही. म्हणूनच २०२४ चे नियम आकड्यांसह जाहीर झाले याचे मोल आहे: अंदाजाने वागण्याऐवजी काय पाळायचे हे पाठवणाऱ्याला कळले. चुकीची दाद मागण्याची अधिक चांगली सोय या कंपन्यांनी द्यावी, ही मागणी पुढेही रेटायला हवी. तरीही या यंत्रणेचा अंतिम पुरावा वाचणाऱ्यांची वागणूक हाच आहे. वाचणाऱ्याने ईमेल स्पॅममधून बाहेर काढला, उत्तर दिले, पत्ता जपून ठेवला, तर त्याच्यापुरता यंत्राचा निर्णय बदलतो. ज्याचे वाचक त्याच्या बाजूने उभे राहतात, त्याला या सत्तेची भीती सर्वात कमी.

सेथ गॉडिन यांनी १९९९ मध्ये ‘परमिशन मार्केटिंग’ या पुस्तकात परवानगीने केलेल्या विपणनाची बाजू मांडली, तेव्हा तो सदाचाराचा उपदेश वाटू शकत होता. पंचवीस वर्षांनी तो तांत्रिक नियम झाला आहे, आणि ईमेलच्या बाबतीत सभ्यपणा आणि व्यवहार एकाच दिशेने जातात, हे पाठवणाऱ्याचे भाग्य आहे. त्यातून निघणारे सर्वात अवघड काम मात्र लेखनाचे नाही, वजाबाकीचे आहे. दहा हजारांच्या यादीतल्या सात हजारांनी वर्षभरात काहीच प्रतिसाद दिला नसेल तर त्यांना एकदा सरळ विचारावे: अजून पाठवू का? ज्यांच्याकडून होकार येत नाही, त्यांची नावे काढून टाकावीत. यादीचा आकडा खाली येतो, ती दाखवून कोणावर छाप पाडता येत नाही. पण उरलेल्या तीन हजारांपर्यंतची वाट मोकळी होते, आणि ज्यांना ऐकायचे आहे त्यांच्यासाठी चार ओळी मन लावून लिहिणे मग अर्थाचे ठरते.